आवक-जावकच्या टेबलावरचे समाधान

पणजीतील एका सरकारी खात्यात मी २१ वर्षे नोकरी केली आणि त्यातील पहिली ६ वर्षे आवक-जावकच्या टेबलावर काढली. कागदोपत्री 'आवक-जावक' असले तरी बोलताना सगळे त्याला 'इनवर्ड'च म्हणत. आलेल्या पत्रावर तारखेचा शिक्का मारायचा, क्रमांक द्यायचा, पाठवणाऱ्याचे नाव आणि विषय नोंदवहीच्या एका ओळीत बसवायचा आणि पत्र संबंधित शाखेकडे पाठवून द्यायचे, एवढेच ते काम. माझ्याआधी त्या टेबलावर असलेले गृहस्थ निवृत्त होताना नोंदवही माझ्याकडे सरकवत म्हणाले होते, "बाबा, इथे डोके लागत नाही, हात तेवढा लागतो." त्यांना ते टेबल शिक्षेसारखे वाटत आले होते आणि पहिली दोन वर्षे मलाही ते तसेच वाटले. पुढे मात्र टेबल तेच, नोंदवही तीच आणि पगारही जवळपास तेवढाच असताना सकाळी फोंड्याहून बस पकडताना जाणवणारा जडपणा कमी झाला. या बदलाचे श्रेय मी स्वतःला किती द्यावे, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे आणि त्याच्या निमित्ताने या विषयावरील संशोधन मी जमेल तसे वाचत आलो आहे.

दृष्टिकोन बदला म्हणजे काम आपोआप आवडू लागेल, असे सांगणारी व्याख्याने आणि भल्या सकाळी मोबाइलवर येऊन पडणारे सुविचार यांची आपल्याकडे टंचाई नाही. त्या सांगण्यात तथ्य आहे, पण ते अर्धे आहे, आणि हे अर्धे तथ्य पगार न वाढवता कर्मचाऱ्यांना खूश ठेवू पाहणाऱ्यांच्या फार सोयीचे असते. म्हणून दृष्टिकोन नेमका कुठे काम करतो आणि कुठे करत नाही, हे जरा खोलात जाऊन पाहणे बरे.

सुरुवात 'समाधान' या शब्दापासूनच करावी लागते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९७६ साली केलेली मांडणी आजही प्रमाण मानली जाते. आपल्या कामाचे किंवा कामातील अनुभवांचे आपण जे मूल्यमापन करतो, त्यातून उपजणारी सुखद भावावस्था म्हणजे कामातील समाधान, असे ते म्हणतात. यातला कळीचा शब्द मूल्यमापन हा आहे. काम जसे आहे तसे थेट मनात उतरत नाही. मध्ये एक मोजपट्टी असते, आणि काय मिळायला हवे होते, काय मिळाले, त्यातले मला महत्त्वाचे काय, हे त्या मोजपट्टीवर ठरते. ज्याला मोकळी संध्याकाळ हवी आहे, त्याला बढती मिळूनही ती शिक्षा वाटू शकते.

ही मोजपट्टी मात्र आपण स्वतः घडवलेली असतेच असे नाही. गोव्यात तर ती पुष्कळदा घरातूनच हातात दिली जाते. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या औषध कंपनीत बरा पगार घेणारा, काम चोख जाणणारा मुलगा लग्नाच्या बैठकीत बसला, की पहिला प्रश्न येतो, "सरकारी आहे का?" नाही म्हटल्यावर समोरच्या चेहऱ्यावर जे उमटते, ते तो दुसऱ्या दिवशी कामावर बरोबर घेऊन जातो. त्याचे काम रातोरात वाईट झालेले नसते. दुसऱ्याच्या पट्टीने ते मोजले गेलेले असते. दृष्टिकोनाबद्दल बोलताना हा सामाजिक भाग आपण विसरतो आणि सारे ओझे त्या एकट्या मुलाच्या मनावर टाकतो.

एकाच प्रकारच्या कामाकडे माणसे किती वेगळ्या नजरेने पाहतात, याचा एक नेमका पुरावा एमी रेझ्नेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडला. त्यांनी १९६ कर्मचाऱ्यांना आपल्या कामाविषयी विचारले. उत्तरांतून तीन वृत्ती दिसल्या. काहींसाठी काम हे निव्वळ पोटापाण्याचे साधन होते, काहींसाठी ती वर चढत जाण्याची शिडी होती, आणि काहींसाठी तो वसा होता, म्हणजे पैसा आणि बढती यांपलीकडे स्वतःचा वाटणारा, उतायचा नाही आणि मातायचा नाही असा वसा. या गटात २४ प्रशासकीय साहाय्यक होते. एकाच महाविद्यालयातील, साधारण सारखेच कारकुनी काम करणारी ही माणसे; तरीही ती तिन्ही वृत्तींमध्ये जवळपास समसमान विभागली गेली. एकंदर पाहणीत काम हा वसा मानणारे अधिक समाधानी होते आणि कमी दिवस गैरहजर राहत होते.

इथे दोन गोष्टी जपून वाचायला हव्यात. वसा मानल्यामुळे समाधान आले, की मुळात समाधान होते म्हणून काम वसा वाटले, हे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही. दुसरी गोष्ट माझ्या अनुभवाची आहे. कामाकडे पोटापाण्याचे साधन म्हणून पाहणाऱ्यांना अनेकदा कमी लेखले जाते, ते मला पटत नाही. आमच्या खात्यातील एक सहकारी साडेपाचला टेबल आवरून निघत असत, कारण गावातील देवळाच्या काल्याला होणाऱ्या नाटकाची तालीम सात वाजता सुरू होई. रजेचा अर्ज ते वर्षातून एकदाच करत, तोही काल्याच्या आठवड्यात. कार्यालयाने त्यांना वेळेवर पगार द्यावा आणि संध्याकाळ मोकळी सोडावी, यापलीकडे त्यांची अपेक्षा नव्हती, आणि ती पुरी होत होती. त्यांचा वसा दुसरीकडे होता. कारकुनी कामातून आयुष्याचा अर्थ मिळवलाच पाहिजे, अशी सक्ती त्यांच्यावर का करावी?

आता स्वभावाकडे वळू. बॅरी स्टॉ आणि जेरी रॉस यांनी १९८५ साली अमेरिकेतील ५,००० हून अधिक मध्यमवयीन पुरुषांच्या, काही वर्षांच्या अंतराने घेतलेल्या नोंदी तपासल्या. मालक बदलला, व्यवसायही बदलला, तरी आधी समाधानी असलेले लोक नंतरही बऱ्याच प्रमाणात समाधानी आणि कुरकुरणारे बऱ्याच प्रमाणात कुरकुरणारेच राहिले. आमच्या खात्यात तीनदा बदली झालेले एक गृहस्थ होते. प्रत्येक वेळी जेवणाच्या डब्याबरोबर त्यांच्या तक्रारीही नव्या टेबलावर आल्या, असे आम्ही म्हणत असू. त्यानंतर १९८९ मध्ये रिचर्ड आर्वी आणि सहकाऱ्यांनी लहानपणीच वेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या ३४ जोड्या अभ्यासल्या आणि कामातील समाधानात दिसणाऱ्या फरकांपैकी सुमारे ३० टक्के फरक आनुवंशिक घटकांशी जोडता येतो, असा अंदाज दिला.

हा ३० टक्क्यांचा आकडा फार चुकीच्या पद्धतीने सांगितला जातो. तुमच्या समाधानाचे ३० टक्के आईबापांकडून आले आणि उरलेले तुमच्या हाती आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. लोकांच्या एका गटात माणसामाणसांमध्ये जो फरक दिसतो, त्या फरकाचा तो हिस्सा आहे. एकट्या माणसाच्या मनाची ती वाटणी नव्हे. शिवाय उरलेल्या ७० टक्क्यांत काम, वरिष्ठ, पगार, घर, नशीब आणि मोजमापातील चुका असे सगळेच येते. मात्र एवढे खरे, की कामाकडे पाहण्याच्या वृत्तीचा काही भाग आपण जन्मतः घेऊन येतो आणि त्याबद्दल ना कोणाची पाठ थोपटावी, ना कोणाला दोष द्यावा.

माझा स्वभाव फारसा उत्साही नाही, तेव्हा माझ्या बाबतीत जे घडले ते स्वभावामुळे घडले, असे म्हणता येणार नाही. ते घडले एका म्हातारीमुळे. वाळपईच्या बाजूने दोन बस बदलून ती आली होती. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेली अर्जाची पोच होती. तिने ती टेबलावर उलगडली, तळहाताने सपाट केली आणि विचारले, "बाबा, म्हजो कागद खंय पावलो रे?" माझ्या नोंदवहीनुसार तिचा अर्ज चार महिन्यांपूर्वी शाखेत गेला होता आणि त्याबरोबर माझे कर्तव्य संपले होते. तरी त्या दिवशी, खरे तर जेवणाची वेळ झालीच होती म्हणून, मी वर गेलो आणि दुसऱ्या मजल्यावरील एका कपाटात तिचा अर्ज दुसऱ्याच तालुक्याच्या फायलीत टाचलेला सापडला. तो योग्य फायलीत लावून मी खाली आलो, तेव्हा ती त्याच बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेली होती.

त्यानंतर मी नोंदवहीच्या उजव्या समासात पेन्सिलीने एक उभी रेघ ओढली आणि पत्र पुढे कोणत्या टेबलावर गेले ते तिथे लिहू लागलो. पेन्सिल एवढ्यासाठी, की नोंदवहीचा नमुना ठरलेला असतो आणि त्यात शाईने नवा रकाना काढला, तर तपासणीत विचारणा होऊ शकते. दर शुक्रवारी दुपारी अर्धा तास शाखाशाखांतून फिरून मी तो रकाना भरत असे. दोन महिन्यांत लोक थेट माझ्याकडे येऊ लागले आणि कारकूनही हरवलेला कागद शोधायला माझी वही मागू लागले.

या प्रकाराला संशोधनात नाव आहे, हे मला फार नंतर कळले. रेझ्नेस्की आणि जेन डटन यांनी २००१ साली, कर्मचारी आपल्याला नेमून दिलेल्या कामाला स्वतःहून कसा आकार देतात, याचे 'जॉब क्राफ्टिंग' या नावाने विवेचन केले. एका रुग्णालयातील सफाई कर्मचाऱ्यांशी त्यांनी केलेल्या बोलण्याचा त्याला आधार होता. काही जण लादी पुसणे आणि कचरा उचलणे एवढेच आपले काम सांगत. काही जण मात्र रुग्ण बरा होण्यात आपलाही हात आहे, असे मानत. ते रुग्णांशी बोलत, नातेवाइकांना वाट दाखवत, आणि बेशुद्ध रुग्णांच्या खोल्यांत काम करणारी एक कर्मचारी तर भिंतीवरील चित्रांची अधूनमधून अदलाबदल करी, न जाणो त्या बदलाचा रुग्णाला काही उपयोग झाला तर. माणूस कामे थोडी बदलतो, कामामुळे जुळणारी नाती बदलतो आणि कामाचा स्वतःला लावलेला अर्थ बदलतो, अशा तीन वाटा या दोघींनी सांगितल्या. यातली पहिली वाट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मी आधी विचार बदलला आणि मग रकाना काढला, असे झाले नाही. आधी रकाना काढला गेला, आणि काही महिन्यांनी माझ्या लक्षात आले की मी स्वतःकडे शिक्के मारणारा माणूस म्हणून पाहत नाही.

आपल्या कामाचा उपयोग होणारा माणूस डोळ्यांसमोर येणे, ही त्यातील दुसरी ताकद. ॲडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यापीठासाठी फोनवरून देणग्या मागणाऱ्या कर्मचाऱ्यांपैकी काहींची, त्या पैशांतून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याशी फक्त पाच मिनिटे भेट घडवून आणली. महिन्याभरानंतर त्या गटाचा फोनवरील वेळ आधीच्या सुमारे अडीचपट आणि जमवलेली रक्कम सुमारे पावणेतीनपट झाली होती. ज्यांची अशी भेट झाली नव्हती, त्यांच्यात तसा बदल दिसला नाही. त्यांना कोणी सकारात्मक विचारांचे धडे दिले नव्हते. एक चेहरा दाखवला होता, इतकेच.

कामाचा आकारच जर असा असेल की त्यात चेहरा दिसू शकत नाही, तर दृष्टिकोनाने तरी काय पाहावे? माझ्या मामांची डिचोलीजवळ गणपतीची चित्रशाळा होती. चवथीच्या दीड-दोन महिने आधी घरोघरचे पाट तिथे येऊन पडत, प्रत्येक पाटाच्या खाली खडूने आडनाव लिहिलेले असे. मामा ओल्या गोणपाटाखालून चिकणमातीचा गोळा काढत, मळत, अंग घडवत, सुकू देत, रंगवत आणि सगळ्यात शेवटी, घरात आवाज नसताना, डोळे रेखत. श्वास रोखून दोन रेघा झाल्या की ब्रश पाण्यात टाकून काही क्षण ते नुसते बघत राहत. नंतर गुडघे दुखू लागल्यावर ते एका मोठ्या मांडवात फक्त रंगकामाला जाऊ लागले आणि तिथे त्यांच्या वाट्याला पितांबरे आली. एकदा मी विचारले तेव्हा म्हणाले, "दिवसाला साठ पितांबरे रंगवली, की गणपती दिसेनासा होतो रे, पिवळा रंग तेवढा दिसतो." माणूस तोच, हात तोच, भक्तीही तीच. रिचर्ड हॅकमन आणि ग्रेग ओल्डहॅम यांनी १९७६ साली काम मन लावून करावेसे वाटण्यासाठी लागणारे जे गुण सांगितले, त्यांत काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड हाती असणे हा एक आहे. विविध कौशल्यांना वाव, इतरांवर होणारा परिणाम, निर्णयाची मोकळीक आणि काम कसे झाले हे कळण्याची सोय हे बाकीचे. मामांच्या पितांबरात यांतले फारसे काही उरले नव्हते.

आणखी एक गंमत इथे सांगण्यासारखी आहे, कारण ती उलट बाजूची आहे. मिहाय चिकसेंटमिहाय आणि ज्युडिथ लफेव्र यांनी १९८९ साली ७८ नोकरदारांना आठवडाभर पेजर दिले. तो वाजला की त्या क्षणी आपण काय करतो आहोत आणि मनाची स्थिती काय आहे, ते लिहायचे. कौशल्य आणि आव्हान दोन्ही भरपूर असलेले, मन रमवणारे क्षण कामाच्या निम्म्याहून अधिक वेळेत आढळले, तर फुरसतीच्या वेळेत पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी. तरीही कामावर असताना हीच माणसे म्हणत होती, की आत्ता आपण दुसरे काहीतरी करत असतो तर बरे. प्रत्यक्ष अनुभव चांगला असतानाही 'काम म्हणजे त्रास' ही ठाम समजूत त्याच्यावर मात करते. मार्चअखेरीला दिवसाला दोन-दोनशे पत्रे नोंदवताना माझे चहाकडेही लक्ष जात नसे, आणि घरी आल्यावर मात्र दारातूनच मी "आज मेलो" असे जाहीर करत असे. त्यातले खरे कोणते, याचा मी तेव्हा कधी विचार केला नाही.

दृष्टिकोन स्वतःहून धरलेला असतो तेव्हा एक आणि तो नोकरीची अट म्हणून लादला जातो तेव्हा दुसरे, हा फरक गोव्यात विशेष समजून घेण्याजोगा आहे, कारण इथल्या कितीतरी मुलामुलींची नोकरी हसण्यावर चालते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशिल्ड यांनी १९८३ साली विमानातील सेविकांच्या अभ्यासातून दाखवून दिले, की भावना दाखवणे हेही एक श्रमाचे काम आहे. त्याचे दोन प्रकार त्यांनी केले: आत काहीही असले तरी चेहऱ्यावर भाव आणणे, आणि तो भाव आतूनच उभा करण्याचा प्रयत्न करणे. नाटकात काम केलेल्याला हा भेद लगेच कळेल. यातला पहिला, वरवरचा प्रकार माणसाला थकवतो, हे नंतरच्या अनेक अभ्यासांत दिसले आहे. माझी एक भाची किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात स्वागतकक्षावर होती. डिसेंबरअखेरच्या एका रात्री दोन वाजता खोलीतून समुद्र दिसत नाही म्हणून आरडाओरडा करणाऱ्या पाहुण्यासमोर ती वीस मिनिटे हसतमुख उभी राहिली. घरी आल्यावर तिने सांगितले ते एवढेच, "मामा, गाल दुखतात." तिला दृष्टिकोन सुधारण्याचा सल्ला देण्याची माझी हिंमत झाली नाही.

काही प्रसंगी तर हा विषयच गैरलागू ठरतो. २०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातील खाणी थांबल्या, मधल्या काळात काही सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या, तेव्हा डिचोली, सत्तरी, सांगे भागांत कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले. त्या ट्रकमालकाच्या आणि चालकाच्या असमाधानाचा मनोवृत्तीशी काहीही संबंध नव्हता. मोकळीक नसण्याचा परिणामही केवळ मनावर होत नाही. लंडनमधील १०,००० हून अधिक सरकारी कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून जो दीर्घ अभ्यास चालला, त्यातून १९९७ साली मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की स्वतःच्या कामावर कमी नियंत्रण असणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका अधिक होता. तीही माणसे आमच्यासारखीच फायली हाताळणारी होती.

हे मी थोडेफार अनुभवले आहे. चौथ्या वर्षाच्या शेवटी आमचे अधिकारी बदलले. नव्या साहेबांनी नोंदवही मागवली, समासातला पेन्सिलीचा रकाना पाहिला आणि नमुन्याबाहेर काहीही लिहायचे नाही, असे सांगितले. शुक्रवारचे फिरणेही थांबले, कारण टेबल सोडून जायचे नाही असा आदेश निघाला. मी शंभर पानी वही विकत आणून तिच्यात नोंदी ठेवत राहिलो, पण त्यानंतरचे सहा-सात महिने फोंड्याच्या स्टँडवर तोच जुना जडपणा पुन्हा जाणवत होता. माझा दृष्टिकोन तोवर पक्का झालेला होता, म्हातारीही मी विसरलो नव्हतो. मोकळीक तेवढी आटली होती.

फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ साली २०३ अभियंते आणि लेखापाल यांच्या मुलाखतींवरून असे मांडले होते, की माणसे समाधानाचे प्रसंग सांगताना स्वतःचे यश, जबाबदारी आणि काम यांविषयी बोलतात, तर असमाधानाचे प्रसंग सांगताना वरिष्ठ, धोरणे आणि परिस्थिती यांविषयी. टीकाकारांनी त्यावर नेमके बोट ठेवले: चांगल्याचे श्रेय स्वतःला आणि वाईटाचा दोष बाहेरच्यांना देण्याची माणसाची खोडच असते, तेव्हा त्या उत्तरांवर किती विसंबायचे? मी वर सांगितलेली हकीकतही याच साच्यातली आहे, हे मला दिसते. रकाना मी काढला आणि तो बंद केला साहेबांनी, अशी ती आहे.

म्हणून पहिल्या साहेबांविषयीही सांगायला हवे. ते दर महिन्याच्या पहिल्या तारखेला नोंदवही तपासत. रकाना सुरू केल्यानंतरच्या पहिल्या तपासणीत त्यांनी पान उलटले, समासातल्या पेन्सिलीच्या ओळींवरून बोट फिरवत खालपर्यंत आले, चष्मा वर करून एकदा माझ्याकडे पाहिले, आणि नेहमीच्या जागी तारखेसह सही करून वही मिटली.